धरणाचं उद्दिष्ट आणि माझी जाऊ

येत्या तीन वर्षांत धरणातल्या माशांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, असं मत्स्य खात्याचे साहेब आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत म्हणाले. पुरुष म्हणाले, माशांचं बीज, बारकी पिल्लं, जास्त सोडा. तेवढ्यात माझी धाकटी जाऊ उठली.

"बीज कितीबी सोडा. पावसाळ्यात अंड्यावरच्या माद्या धरून राहिलो आपन, मासा वाढंल कसा? दोन महिने जाळं बंद ठेवा. आन् किलोच्या आतला मासा परत पाण्यात सोडा."

साहेबांनी ते फळ्यावर लिहिलं. तेच सोसायटीचं उद्दिष्ट ठरलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाळापूरच्या बाजारात आम्ही दोघी शेजारी बसून मासे विकतो. हे सगळं तिथंच, मासे कापता कापता, मी तिला सांगितलं होतं. पण चार माणसांत उभं राहायची हिंमत तिच्यात होती, माझ्यात नव्हती. तेव्हापासून जो तो तिचाच सल्ला घ्यायचा, मला कुणी हिंग लावून विचारेना.

जाळी बंद झाली, तसं माझ्या मनानं घेतलं की हे उद्दिष्ट मोडायचंच. मोडलं की हिचं तोंड उतरेल, एवढंच मला दिसत होतं. नवरा नको म्हणत होता. मी मागेच लागले, तेव्हा त्यानं एका पहाटे चोरून जाळं टाकलं. रोहू मिळाली, पोट टम्म फुगलेली. कापली तर ओंजळभर अंडी निघाली. ती हातात धरून बसले होते, तेवढ्यात जाऊ विरजण मागायला आली. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं, विरजण घेतलं आणि गेली.

आता ही सांगणार आणि सोसायटीतून आमचं नाव निघणार, या धास्तीत मी सगळा श्रावण काढला. तिनं कुणापाशी ब्र काढला नाही.

पुढच्या बैठकीत साहेबांनी तिचं कौतुक केलं. ती उठली.

"साहेब, हे माझं डोकं न्हाई," ती म्हणाली. "आमच्या जाऊबाईनं शिकवलं मला, बाजारात बसून."

सगळे माझ्याकडं वळले. साहेबांनी मला उभं राहायला सांगितलं. इतके दिवस मला हेच हवं होतं. मी उभी राहिले, खाली मान घालून. तिचा इतका हेवा मला आधी कधीच वाटला नव्हता.