शाळेच्या फाटकातली रांगोळी

पाहुण्यांची गाडी नांदुऱ्याहून निघाल्याचा फोन आला, तेव्हा मी शाळेच्या फाटकात उभा होतो आणि पायांसमोर चार फुटांची रांगोळी होती. रांगोळीत पाहुण्यांच्या देशाचा झेंडा.

त्या देशाचं नाव मी आजही लिहीत नाही. आपल्या सरकारनं त्याला मान्यता दिलेली नाही. मान्यता म्हणजे 'तुम्ही स्वतंत्र देश आहात' असं अधिकृतपणे मानणं. व्यापार चालतो, माणसं येतात-जातात, पण दूतावास नाही. त्यांचा मंत्री आला तरी कागदावर तो नुसता 'प्रतिनिधी'. असेच एक प्रतिनिधी मका वाळवायचं यंत्र दाखवायला वडनेर भोलजीच्या पुढच्या एका गावात येणार होते. नायब तहसीलदार म्हणून व्यवस्था माझ्याकडे होती.

एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकारी साहेबांनी बजावलं होतं, "झेंडा नको, राष्ट्रगीत नको. एक फोटो जरी बाहेर गेला तर दिल्लीहून विचारणा येईल, आणि खुलासा तुम्ही द्याल."

माझ्या रिटायरमेंटला तीन महिने होते. त्यात डिपार्टमेंटल एन्क्वायरी लागली की माणूस कायमचा अडकतो.

मग मी कोणावरच विश्वास ठेवला नाही. फ्लेक्सवाल्याकडे बसून मजकूर अक्षर न् अक्षर वाचला. मास्तरांकडून स्वागताचं गाणं दोनदा म्हणून घेतलं. पेपरचा एक स्थानिक वार्ताहर सकाळपासून फाटकाशी का घुटमळतोय, हेही डोक्यात होतंच. संशय आला नाही तो फक्त सरपंच शोभाताईंचा. आणि त्यांनीच मोबाईलवर बघून झेंडा काढला होता.

मी पुसायला सांगितलं. मान्यतेचं कारणही सांगितलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

"पाहुणा दारात येऊन राह्यला अन् म्या रांगोळी पुसू? तुमाले पुसायची असन तर तुम्ही पुसा."

मी झाडू घेतला. पण हात चालेना. खरं सांगतो, लाज वाटली.

तेवढ्यात गाडी वळली. फाटक एकच. पाहुण्यांनी रांगोळी तुडवली तर त्यांचा अपमान, तिच्यापाशी फोटो काढला तर माझी एन्क्वायरी. आणि हा पाहुणा फोटो काढणार याची मला खात्री होती. इतक्या लांब स्वतःचा झेंडा दिसल्यावर कोण सोडेल?

पाहुणे उतरले. आधी माझ्या हातातला झाडू पाहिला, मग रांगोळी. वार्ताहरानं मोबाईल वर केला, तसा मी त्याच्या आडवा आलो. मग पाहुण्यांनी स्वागताच्या ताटातल्या पाकळ्या ओंजळीत घेतल्या, उकिडवे बसले आणि एका कोपऱ्यापासून झेंडा झाकायला लागले. शोभाताई शेजारी बसल्या आणि त्याही पाकळ्या पसरू लागल्या. थोड्या वेळात फाटकात फुलांचा चौकोन तेवढा राहिला.

पाहुण्यांबरोबर आलेल्या दुभाषी बाई हळूच मला म्हणाल्या, "ते म्हणतात, काळजी करू नका. त्यांना सवय आहे."

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'फाटकात फुलांची सजावट. आक्षेपार्ह काही आढळले नाही.' विचारणा आली नाही. मी वेळेवर रिटायर झालो.

धडा एवढाच, की संशय घेऊन मी गावभर फिरलो, आणि माझी नोकरी वाचवली ती ज्या पाहुण्यावर सगळ्यात जास्त संशय होता त्यानं. निरोप समारंभात माझ्या चोख कामाचं कौतुक झालं, तेव्हा मला तो हातातला झाडू आठवत होता.