डब्याबाहेरचा नमुना

अख्खी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली, त्यामुळे ऑपरेटरबाईंच्या कानाला एक खोड लागली होती. एकदा ऐकलेलं वाक्य त्या विसरत नसत. कोण बोललं, कुठल्या सुरात बोललं, बोलताना मध्येच कुठे अडखळलं, सगळं डोक्यात जसंच्या तसं. नोकरीत याचा काही फायदा झाला असेल तर असो, संसारात मात्र फार ताप झाला. नवऱ्याला बिचाऱ्याला ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणायची सोयच उरली नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. घराखाली गॅरेज होतं, पण त्यात गाडी कधी उभी राहिलीच नाही, कारण गाडीला जागाच नव्हती. बिस्किटांचे डबे, दूधपावडरीचे डबे, बुटाच्या पॉलिशच्या डब्या, औषधाच्या बाटल्या, आणि प्रत्येकात काहीतरी खुळखुळणारं. जुना पंखा मोडीत निघाला की त्याचे स्क्रू डब्यात. कपाटाची बिजागरी काढली की तिचे खिळे डब्यात. फेकून द्यावा असा स्क्रू अजून जन्माला यायचाय, असं मिस्त्रींचं म्हणणं. तो नेमका कुठल्या डब्यात आहे हे मात्र त्यांनाही ठाऊक नसायचं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी ऑपरेटरबाई कॅलेंडर टांगायला एक खिळा आणायला खाली गेल्या होत्या. डब्यामागून डबा उघडला, हात काळे झाले, एक नख तुटलं आणि खिळा मिळाला तो अगदी शेवटच्या डब्यात. जेवताना त्या साधेपणाने म्हणाल्या होत्या, “प्रत्येक डब्याच्या बाहेर आतला एकेक नमुना बांधून ठेवा ना. उघडायलाच नको.” मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला. रविवारी मित्र जमले तेव्हा त्यांनाही सांगितलं, “आमच्याकडे वर्कशॉपचं स्वयंपाकघर करायचं चाललंय.” मित्रही हसले. बाईंनी कानाला खडा लावला. पुढे खिळा हवा असला की त्या गॅरेजच्या दारातूनच हाक मारायच्या, आणि मिस्त्रींना तो सापडेपर्यंत वरची दोन कामं उरकून यायच्या.

असा सगळा संसार झाला. मुलं शिकून आपापल्या घरी गेली, मिस्त्री निवृत्त झाले, त्याही झाल्या. आणि मग कोपऱ्यावरच्या गाळ्यात शिवणवाली आली.

तिच्या मशीनचा एक बारीक स्क्रू पडून हरवला होता. कोणीतरी तिला मिस्त्रींकडे पाठवलं. मिस्त्रींनी सकाळ घालवून स्क्रू शोधला, आणि ती तेवढा वेळ तिथेच उभी राहिली. ऑपरेटरबाई चहा घेऊन जिन्यात आल्या होत्या, तेव्हा त्यांच्या कानावर तिचं बोलणं पडलं.

“दादा, आम्ही बटणांच्या डब्यावर बाहेरून एक बटण शिवून ठेवतो. तुम्ही तसंच का करत नाही?”

बाई जिन्यातच थांबल्या. आता हसतील, असं त्यांना वाटलं. हसू आलंच नाही. थोड्या वेळाने मिस्त्रींचा आवाज आला, “वा. हे बरं आहे.”

चहा वरच्या वर परत गेला.

त्या दिवसापासून मिस्त्रींच्या अंगात वारं शिरलं. जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या आणि एकेक डबा त्यावर पालथा केला. लोहचुंबक फिरवून लोखंड एकीकडे, पितळ दुसरीकडे. बोल्टचे आटे जुळतात का हे पाहायला प्रत्येकावर नट फिरवून बघायचा, अडला की वेगळी रास. वॉशर तारेत ओवून त्यांच्या माळा केल्या. गंजलेले रॉकेलमध्ये भिजत घातले. डब्याच्या झाकणाला बारीक भोकं पाडायची, तार घालायची, आतला एक स्क्रू बाहेर बांधायचा आणि पकडीने पीळ द्यायचा. मग डबे फळ्यांवर रांगेने. खरं सांगायचं तर ते दिसायला सुरेखच होतं, आणि तेच बाईंना सहन होत नव्हतं.

बघायला गल्ली लोटली. दूधवाला येऊन गेला, समोरचे मास्तर दोनदा आले. मिस्त्री प्रत्येकाला तेच ऐकवायचे, “हात माझे, पण डोकं त्या शिवणकामवाल्या बाईंचं. एवढी वर्षं आम्हाला कोणाला सुचलं नाही बघा.” ऑपरेटरबाई वरच्या खिडकीत उभ्या राहून हे वाक्य ऐकायच्या, आणि दरवेळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शिवणवाली देखणी असती तर बरं झालं असतं. निदान कशाचा जळफळाट होतोय ते जगाला सांगता आलं असतं, चार बायकांनी बाजू घेतली असती. पण ती आपली गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, पाय मशीनवर दुखून सुजलेले, आणि बोलण्यात दादा-वहिनीशिवाय शब्द नाही. नवरा तिच्यावर भाळला नव्हता, हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्यांना खुपत होतं ते वेगळंच. त्यांचं वाक्य होतं, त्याला ठसका लागेपर्यंत हसलेला माणूस होता, आणि तेच वाक्य दुसरीच्या तोंडून आलं तर तो ‘वा’ म्हणाला. ती ‘वा’ त्यांची होती. ती त्यांना हवी होती, दुसरं काही नको होतं.

मग सरळ सांगून का टाकलं नाही? तोंड काय कोणी शिवलं होतं? पण बाईंचा हट्टच असा की त्याने आपणहून आठवावं. मागून घेतलेलं कौतुक त्यांना नको होतं. फार झालं तेव्हा एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी विचारून पाहिलं, हे असं याआधी कोणी सुचवलं नव्हतं का हो. मिस्त्री हातातला वॉशर उजेडाकडे धरून निरखत राहिले. कोण सुचवणार, असं काहीतरी पुटपुटून खाली निघून गेले. बाईंनी त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आंघोळीला गेलेले असताना त्या कित्येक वर्षांनी गॅरेजमध्ये आत शिरल्या. शेजारीशेजारी दोन डबे होते. दोन्हींतले स्क्रू सारख्याच लांबीचे, डोकंही सारखं, फक्त एकातले जाड आणि दुसऱ्यातले जरा बारीक. बाईंनी दोन्ही तारा सोडल्या, नमुने आलटून पालटून बांधले आणि पहिल्यासारखाच पीळ दिला. पाण्याचा आवाज थांबायच्या आत त्या वर होत्या. त्यांना फार काही नको होतं. त्या शिवणवालीसमोर एकदा तरी त्याने डबा उघडावा आणि गोंधळावं, आणि तिची युक्ती दोघांच्याही अंगाशी यावी, एवढंच.

पण मिस्त्रींनी डबा निरखलाच नाही. आता बघायची गरजच नाही, असं ते जगाला सांगत सुटले होते ना. शिवणवालीच्या दुकानात भिंतीवर फळी लावायची होती. त्यांनी बाहेरचा जाड नमुना पाहिला, आतले मूठभर स्क्रू खिशात टाकले आणि गेले. भिंतीत भोकं पाडून प्लास्टिकचे प्लग ठोकले, चष्मा कपाळावर आणि तोंडाने गप्पा. स्क्रू लोण्यात शिरल्यासारखे आत गेले. आपला हात अजून चांगला चालतो, असं वाटून ते खूश होऊन घरी आले.

त्याच दुपारी फळी खाली आली. तिच्यावर दोऱ्याची रिळं होती, शिवून ठेवलेले कपडे होते आणि कडेला आरसा होता. आरशाचे तुकडे झाले, कपड्यांवर काचा पसरल्या. शिवणवाली तेव्हा मशीनवर होती, दोन हात पलीकडे. तिला लागलं नाही. ती एवढंच म्हणाली म्हणे, दादा, होतं असं कधीकधी. ते ऐकून मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं.

खरं लपवायचं कशाला, बातमी ऐकली तेव्हा ऑपरेटरबाईंना बरंच वाटलं. जिना उतरून गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर ते बरं वाटणं टिकलं. आत मिस्त्री जमिनीवर बसले होते. भिंतीतून निघालेले बारीक स्क्रू तळहातावर होते, नमुने चुकलेले दोन डबे पुढ्यात होते, आणि ते फळीवरचा एकेक डबा उघडून आतलं आणि बाहेरचं ताडून पाहत होते. एक डबा बरोबर निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. तरी त्यांचा विश्वास बसेना. बरोबर निघालेला डबाही ते पुन्हा हातात घेत होते.

बाईंना बघून ते म्हणाले, “माझ्याच हाताने बांधलं. लिफ्टमध्ये असं केलं असतं तर?”

बाईंनी मिठाची गुळणी धरली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री खाली उतरलेच नाहीत. मास्तर कुलूप बिघडलंय म्हणून आले, तर त्यांना दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं. संध्याकाळी भंगारवाल्याला निरोप धाडला. अवजारं, डबे, सगळं उचलून न्या, भाव तुम्ही लावाल तो. जेवताना ते सरळ स्वरात म्हणाले की हात गेला की माणसाने हत्यार खाली ठेवावं, लोकांच्या डोक्यावर फळ्या पाडत बसू नये. आणि ताटातला अर्धा घास तसाच ठेवून उठले.

ऑपरेटरबाईंनी ताटं उचलली नाहीत. बसूनच राहिल्या. गप्प राहिलं तर गॅरेज जाणार, आणि गॅरेजसोबत हा माणूसही खचणार. बोललं तर स्वतःची अब्रू जाणार. शेवटी त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या.

“तुमचा हात नाही चुकला. नमुने मी बदलले.”

मिस्त्रींनी वर पाहिलं. मग त्यांनी का म्हणून विचारलं, आणि आवाज चढला नाही त्यामुळे बाईंना उत्तर देणं जास्त जड गेलं.

“कारण ती युक्ती माझी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षातली. कॅलेंडरचा खिळा शोधला त्या दिवशीची. तुम्ही हसलात. मित्रांना सांगून त्यांनाही हसवलंत. आणि आता अख्ख्या गल्लीला तिचं डोकं, तिचं डोकं. तुम्हाला आठवत नाही त्याला मी तरी काय करू?”

“आठवतं,” मिस्त्री म्हणाले.

“काय?”

“सगळं आठवतं. तिने म्हटलं तेव्हा लगेच आठवलं. पण तेव्हा इतका हसलो होतो. आता कुठल्या तोंडाने सांगू, की बायको बरोबर होती आणि मी इतकी वर्षं काळे हात करत बसलो? तिचं नाव घेणं सोपं होतं.”

विसरला असता तर बाईंनी माफ केलं असतं. वयाच्या नावावर टाकलं असतं, पुरुषांच्या जातीवर टाकलं असतं. पण आठवत असून तो रोज त्यांच्याच खिडकीखाली उभा राहून दुसरीचं नाव घेत होता, याला कुठे ठेवायचं ते त्यांना कळेना. रडू आलं आणि रागही आला, आणि रागच जास्त आला.

“उद्या तिच्या दुकानात चला,” त्या म्हणाल्या. “फळी नीट लावून द्या, आणि माझ्यासमोर तिला सांगा युक्ती कोणाची ते. मास्तरांनाही सांगा. दूधवाल्यालाही.”

मिस्त्रींनी मान हलवली. मग हळूच विचारलं, “आणि फळी का पडली ते? ते विचारतील. ते काय सांगू?”

बाईंनी विचार केला. शिवणवालीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, मास्तरांचा आणला, गल्लीतल्या बायकांचे तर सगळ्यांचेच आणले. उद्यापासून कोण काय बोलेल, कुठल्या सुरात बोलेल, हे त्यांना आताच ऐकू येत होतं. आणि एकदा ऐकलेलं त्या विसरणार नव्हत्या.

“दोन्ही सांगा,” त्या म्हणाल्या. “पण युक्तीचं आधी.”