हौदात कोण बुडत होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही.

पिंपरीतला पोहण्याचा हौद आता कोरडा पडलाय. फरशा लोकांनी उचलून नेल्या, उडी मारायच्या फळीचे दोन लोखंडी खांब तेवढे उरलेत. लढाईच्या काळात गोऱ्या शिपायांसाठी बांधलेला. ते गेल्यावर काही वर्षं सगळ्यांना खुला होता. मी तिथला राखणदार. नदीकाठच्या गावचा म्हणून साहेबांनी ठेवलं — नदीकाठच्या माणसाला पोहता येणारच, नाही का? यायचं की! पण पाठीला सुका भोपळा बांधून. तो कधी सुटलाच नाही. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

एका सकाळी पाण्यातला पाला काढताना खोल बाजूला पाय घसरला. निर्वासितांच्या छावणीतला खूबचंद तेवढा तिथं होता. सिंधू नदीत पोहत वाढलेला माणूस. त्यानं मला केसांना धरून वर ओढलं. दोघेही काठावर ओलेचिंब, खोकत पडलेलो — तेवढ्यात साहेब धावत आले.

"कोण बुडत होतं?"

मी बोट दाखवलं. खूबचंदकडे.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हां साहब, मैं ही."

माझी नोकरी जाईल, हे त्याला माझ्या तोंडावर दिसलं असेल का? साहेबांनी त्याच दिवशी छावणीतल्या सगळ्यांना हौद बंद केला. मला शाबासकी. बाजारात लोक त्याला 'बुडका शेठ' म्हणू लागले. तो हसायचा. एकदा त्यांच्यात उभा राहून — मीही हसलो.

आठवड्यानं तोच माझ्या दारात आला. "चल भाऊ, नदी पे. चौकीदार है, तैरना तो सीख ले!" महिनाभर त्यानं मला पवनेत पोहायला शिकवलं. पुढं हौदात बुडणारी एक मुलगी मी खरोखर बाहेर काढली. त्यानं शिकवलं म्हणून ती वाचली, मीही माणसांत राहिलो. एवढं मला कुणी दिलेलं नाही. रोज त्याची आठवण काढून हात जोडतो. पण त्याच्या हयातीत खरं बोललो का? नाही.

खूबचंद गेला, त्याला वर्ष झालं. परवा हौदावरून जात होतो. कोरड्या तळावर चादरी पसरून त्याची बायको पापड वाळवत होती. मला पाहून सुनेला म्हणाली, "ये भाऊ न होते, तो तेरा ससुर इधर ही डूब जाता."

म्हणजे — घरातही त्यानं सांगितलं नव्हतं.

तिनं पापडांची चवड कागदात बांधून माझ्यापुढं धरली.

"त्यात काय एवढं, वहिनी," मी म्हणालो. आणि पुडी घेतली.