आडी अठराची नोंद

जुलै लागला की माझ्या ऑफिसात मंजप्पैंचा ढीग पडतो. मंजप्पै म्हणजे इथल्या लग्नात पाहुण्यांच्या हाती नारळासकट देतात ती हळदी रंगाची कापडी पिशवी. तंजावूरची माणसं प्राप्तिकराचे कागद त्याच पिशवीतून आणतात. मी पिशवी टेबलावर रिकामी करते, कागद यादीशी ताडून बघते, काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून देते आणि पुढच्याला आत बोलावते. मेलवीदी रस्त्यावरच्या या खोलीत वीस वर्षं हेच चाललं आहे.

अवघड क्लायंट मला दारातून ओळखू येतात. शेजाऱ्याला किती परतावा मिळाला ते सांगून तेवढाच मागणारे असतात. घरभाडं मिळतच नाही असं म्हणणारे आणि सोबत आपल्या भाडेकरूलाच घेऊन येणारेही असतात. त्यांचा मला त्रास होतो, धास्ती वाटत नाही. धास्ती वाटायची ती एकाच माणसाची, आणि ते कधी काही लपवत नसत.

ते भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक होते. सगळे त्यांना इथल्या उच्चाराप्रमाणे सार म्हणत, मीही म्हणायची. आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहून घरी मराठी बोलणारे. रिटर्न भरून झालं की ते छापील प्रत मागून घेत, खिशातून पट्टी काढत आणि एकेका ओळीखाली ती धरून वाचत. बाहेर सहा माणसं ताटकळलेली असत. एकदा मी म्हटलं, सार, चूक नाही त्यात. ते म्हणाले, नसेलच, पण ते मला वाचून कळू दे.

माझी एक वही आहे. प्राप्तिकराच्या पोर्टलवर कुणाच्या खात्यात मी कधी, किती वाजता आणि कशासाठी लॉगिन केलं ते मी तिच्यात लिहिते. पासवर्डही तिच्यातच असतात. वही मी मराठीत ठेवते. शाळेत असताना हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या म्हणून मला देवनागरी येते. ऑफिसातल्या माझ्या दोघी मदतनिसांना ती वाचता येत नाही, आणि आमच्या मराठी घरांतूनही ती वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे वही टेबलावर उघडी राहिली तरी मला चिंता नसे. कुलूप लावल्यासारखंच आहे, असं मी समजत होते आणि सांगतही होते.

एका जुलैत मी मान वर केली तर सार समोर बसून, उलट्या बाजूने, शांतपणे ती वही वाचत होते.

"बाई, तुमचं कुलूप मला उघडतं," ते म्हणाले. "आणि बाराव्या ओळीतला माझा पासवर्ड फारच सोपा आहे. नवा मी ठेवतो."

त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे वळवला, नवा पासवर्ड टाकला आणि माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिला. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्या दिवसापासून तो पासवर्ड दोनच ठिकाणी होता, त्यांच्या डोक्यात आणि माझ्या वहीत.

पुढच्याच आडी अठराला ते गेले.

आडी हा इथला महिना. त्याचा अठरावा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. त्या दिवशी कावेरीची पूजा असते. बायका चित्रान्नाचे, म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या भातांचे, डबे घेऊन घाटावर जातात, पाण्यात फुलं सोडतात आणि मंगळसूत्राचा जुना दोरा काढून नवा पिवळा दोरा घालतात. आमच्या मंगळसूत्रात काळे मणी असतात, पण दोऱ्याची ही चाल आम्ही कधीच उचलली आहे. सार दरवर्षी सकाळच्या बसने कावेरीकाठच्या तिरुवैयारूला जात, पाणी किती आलं ते बघत आणि जेवायला परत येत. त्या वर्षी ते आले नाहीत. एका फुलवालीने त्यांना पायऱ्यांवर उभं असलेलं बघितलं होतं. दोन दिवस होडीतून शोध झाला. नदीने काहीच परत दिलं नाही, चपलासुद्धा नाहीत. फोन घरी फळीवर होता. तो ते नदीवर कधीच नेत नसत, त्यामुळे त्यावरूनही काही ठरवता आलं नाही.

पुढच्या जुलैत त्यांची बायको आली. त्यांना मी मामी म्हणते. त्यांच्याकडे तीच पिशवी होती, तसेच तारखेप्रमाणे लावलेले कागद होते आणि रिटर्न पक्कं करायला लागणाऱ्या ओटीपीसाठी सारांचा फोन होता. तो त्यांनी चालू ठेवला होता. "यांचं रिटर्न," त्या म्हणाल्या, आणि मी ते भरलं. हे नियमाला धरून नव्हतं. मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी दरवर्षी ते करत राहिले. मामींच्या गळ्यात दरवर्षी दोरा असे. जुलैपर्यंत तो मळून फिकट झालेला असे, पण दोरा असे.

सातव्या वर्षी पिशवीत वकिलाने दिलेली कागदांची यादीही होती. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो माणूस मेला असं कोर्टाकडून ठरवून घेता येतं. येत्या आडी अठराला सात वर्षं भरत होती, आणि घर सारांच्या नावावर होतं. मुलगा बंगळूरला असतो; त्याला ते विकून आईला आपल्याकडे न्यायचं होतं. मामींनी शपथेवर लिहून द्यायचं होतं की सात वर्षांत नवऱ्याचा काही मागमूस लागलेला नाही. मी फक्त जुन्या रिटर्नच्या प्रती द्यायच्या होत्या.

"सही केली की हा काढायचा," मामी दोऱ्याला बोट लावून म्हणाल्या. "मुलगा म्हणतो, त्याची काही सक्ती नाही. पण कोर्टात मेलेला आणि गळ्यात जिवंत, असं मला जमायचं नाही."

मी त्यांना दुपारी यायला सांगितलं आणि प्रती काढायला सारांच्या खात्यात गेले. पोर्टलवर खात्यात कोण कधी शिरलं त्याची नोंद दिसते. गरज नव्हती, पण मी ती माझ्या वहीशी ताडून बघितली; मला तशी सवय आहे. जुलैतल्या माझ्या दोन्ही नोंदी जुळल्या. तिसरी जुळली नाही. मागच्या वर्षीचा आडी अठरा, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. त्या दिवशी माझं ऑफिस बंद असतं. मी स्वतः घाटावर होते.

शिरणाऱ्याने काही बदललं नव्हतं. नुसतं आत येऊन, बघून, तो निघून गेला होता. त्याआधीच्या वर्षांचं तिथे काही दिसत नव्हतं.

मी ऑफिसातल्या दोघींना विचारलं. त्यांना माझी वही वाचताच येत नव्हती, तरी विचारलं. मग हात धुऊन आले. मामींना सांगितलं नाही तर त्या शपथेवर सही करणार होत्या आणि दोरा काढणार होत्या. सांगितलं तर जिवंत असून घरी न येणारा नवरा त्यांच्या पदरात पडणार होता. दुपारी त्या आल्या आणि मी सांगितलं.

त्यांनी पडद्यावरची तारीख आणि वेळ वाचली. इंग्रजी त्यांना येत नाही, आकडे येतात.

"तीन वाजता चहा लागतो त्यांना," त्या म्हणाल्या. मग वकिलाची यादी घडी करून पिशवीत ठेवली. "तो पासवर्ड बदलू नकोस हं, बाई."

सही झाली नाही. मुलाचा फोन आला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. कुणीतरी तुमची वही वाचली असेल, तुमच्या निष्काळजीपणावर माझी आई त्या घरात एकटी म्हातारी होणार का, असं त्याने विचारलं. तसंही असू शकेल, असं मी म्हटलं. त्या आठवड्यात मी सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि वही कपाटात बंद केली. सारांचा बदलला नाही.

पुढच्या जुलैत मामी येणार त्या सकाळीच मी नोंदी बघितल्या. मधला आडी अठरा रिकामा होता. मागेपुढेही काही नव्हतं. मामी आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. कागद बाहेर काढण्याआधी त्यांनी विचारलं, "आले होते का?"

मी आयुष्यात कुणाच्या रिटर्नमध्ये खोटा आकडा घातलेला नाही. त्यासाठी क्लायंट सोडले आहेत.

"आले होते," मी म्हटलं. "तीनच्या सुमाराला."

मामींनी मान हलवली आणि पिशवी उघडली. त्या वर्षी त्यांनी पडदा दाखव असं म्हटलं नाही. पुढच्या वर्षी म्हणतील, हे मला घरी जाईपर्यंत कळलं होतं.

म्हणून त्या आडी अठराला, तिरुवैयारूच्या घाटावर, ओल्या पायऱ्यांवर उभी राहून मी फोनवरून सारांच्या खात्यात शिरले. सकाळचे अकरा वाजले होते. आजूबाजूला बायका एकमेकींच्या गळ्यात दोरे बांधत होत्या. पडद्यावर सारांचं नाव आलं, त्यांच्या स्वागताची ओळ आली. मी लगेच बाहेर पडले. वहीत ती नोंद केली नाही.

त्यानंतर दरवर्षी मी तेच केलं. आडी अठराच्या माझ्या यादीत हळद, फुलं, चित्रान्नाचा डबा एवढंच लिहिलेलं असतं. हे काम मी लिहीत नाही, पण ते कधी चुकलं नाही. मामींना मी ती ओळ दाखवायची, त्या वेळ वाचायच्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "हल्ली सकाळीच येतात." त्या हसल्या, मीही हसले. पण फोनवर त्यांच्या नवऱ्याचं नाव उमटलं की दरवेळी मला वाटायचं, पलीकडून कुणीतरी पट्टी धरून माझी ही चूक वाचतं आहे.

यंदाच्या जुलैत मी नेहमीप्रमाणे सकाळी नोंदी उघडल्या. मागच्या वर्षीच्या आडी अठराला दोन ओळी होत्या. पहिली अकरा वाजून चार मिनिटांची, ती माझी. दुसरी दुपारी तीन वाजून नऊ मिनिटांची.

त्या वेळी मी घरी जेवून झोपले होते. माझा फोन तपासला, ऑफिसचे संगणक तपासले, कपाटाचं कुलूप बघितलं. पाच वर्षं ती वही माझ्याखेरीज कुणी उघडलेली नाही. मला जेवढं तपासता येतं तेवढं सगळं मी तपासलं, आणि ती ओळ तिथेच राहिली.

मामी आल्या. यंदा त्या काठी घेऊन आल्या. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. चार वर्षं मी खोटं सांगत आले होते, आणि आता खरं सांगण्यासारखं काही होतं तर ते त्या खोट्याच्या खालच्याच ओळीत होतं. त्यातली एक माझी आहे, हे सांगितल्याशिवाय दुसरी त्यांना देता येत नव्हती. आणि ते सांगितलं असतं तर आधीची सगळी वर्षं परत घ्यावी लागली असती.

मामींनी चष्मा लावला, बोट पडद्याजवळ नेलं आणि दोन्ही वेळा वाचल्या.

"दोनदा?" त्या म्हणाल्या. "म्हातारपण हो. सकाळी आले होते ते विसरले असतील."

त्यांनी सारांचा फोन काढून माझ्यासमोर ठेवला. मी रिटर्न भरलं, ओटीपी आला, मी तो टाकला. जाताना त्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या की यंदा गुडघ्यांमुळे घाटावर जमणार नाही, दोरा घरीच बदलेन, तू जाशील तेव्हा माझ्या नावाने दोन फुलं सोड.

परवा आडी अठरा आहे. माझी यादी तयार आहे. हळद, फुलं, त्यांत मामींची दोन, आणि डबा. त्याखाली या वेळी पहिल्यांदाच मी ते कामही लिहिलं आहे: अकरा वाजता लॉगिन करायचं नाही. म्हणजे पुढच्या जुलैत जी ओळ दिसेल, ती माझी नसेल; किंवा ओळच नसेल. सकाळपासून दोनदा ते खोडलं आणि दोनदा पुन्हा लिहिलं.