बर्निसने शिकवलेलं उत्तर

अमेरिकेतल्या ईरी शहराच्या कोर्टात वकील खोटं बोलतात, साक्षीदार खोटं बोलतात, पण तळमजल्यावरच्या बर्निस कोवालच्या टपरीपाशी आलं की सगळे खरं बोलतात. बोलावंच लागतं, कारण बर्निस आंधळी. गिऱ्हाइकाने जे उचललं ते त्यानेच तोंडाने सांगायचं आणि तिने विश्वास ठेवायचा. एकतीस वर्षांत तिला फसवणारे दोघेच निघाले. त्यातला एक पुढे न्यायाधीश झाला असं ती सांगते, नाव मात्र सांगत नाही.

विशीच्या आत तिचे डोळे हळूहळू गेले. सरकारी इमारतींतल्या अशा टपऱ्या आंधळ्यांना चालवायला देतात, तशी ही तिला मिळाली. कॉफी, बिस्किटं आणि पेपरोनी, म्हणजे मसालेदार मांसाच्या चकत्या, भरलेले पावाचे गोळे. हे गोळे ती असे गरम करते की खटला हरलेला माणूसही दोन मागतो. लग्नाचं विचारणारा एक होता, पण तो तिच्या जिभेला घाबरून पळाला. बाई फटकळ होतीच.

आणि भित्रीही होती. हे कोणाला माहीत नव्हतं. अंधाराची तिला भीती नव्हती, त्यात तर ती राहतच होती. भीती होती ती आवाज न करणाऱ्या गाड्यांची. जुन्या गाड्या घुरघुरत यायच्या, या नव्या विजेवरच्या मांजराच्या पावलांनी येतात. दोन हिवाळ्यांपूर्वी सहाव्या रस्त्यावर तिने पाऊल टाकलं आणि टॅन्सी तिच्या पायांत आडवी उभी राहिली. पुढच्याच क्षणी गाडी तिच्या कोटाला घासून गेली. टॅन्सी तिची चौथी वाटाडी कुत्री, काळी लॅब्रॅडॉर. "आधीच्या तिघींनी मला वाट दाखवली," बर्निस म्हणायची, "हिने मला जिवंत ठेवलंय."

वरच्या मजल्यावर नोंदणी खात्यात ग्लेना स्ट्राउड काम करायची. रोज दहाच्या सुमाराला खाली येऊन काळी कॉफी घ्यायची. तिचा नवरा रॉय हार्डवेअरच्या दुकानात रांगेत उभा असताना कोसळला आणि तिथेच गेला. तेव्हापासून ग्लेनाला कुठल्याही दुकानात शिरलं की घाम फुटायचा, श्वास अडकायचा. रॉयचा मोठा तपकिरी कुत्रा ड्यूक सोबत असला तरच तिचे पाय पुढे पडायचे. पण दुकानात कुत्रा घेऊ देणार कोण?

"डॉक्टरनं चिठ्ठी दिलीय, की ड्यूकमुळे माझ्या मनाला आधार मिळतो," ग्लेना म्हणाली.

"ती चिठ्ठी भाड्याचं घर मिळवायला चालते गं. दुकानात तिचा उपयोग कप पुसायला."

"मग मी काय आयुष्यभर डबाबंद सूपवर राहू? तेसुद्धा शेजारीण आणून देईल तेव्हा."

तिचा आवाज इतका बारीक झाला की बर्निसला राहवलं नाही. पुढचं खोटं दुसऱ्या कोणी शिकवलं असतं तर बर्निसनेच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या बाईला रडवेला आवाज सोसत नाही.

"ऐक. शिकवलेल्या कामाच्या कुत्र्याला दुकानात अडवता येत नाही, कायदाच आहे. दुकानवाल्यांना दोनच प्रश्न विचारता येतात. कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला काय काम शिकवलंय. कागद मागता येत नाही, करून दाखव म्हणता येत नाही."

"शिकवलंय? अगं, ड्यूकला बस म्हटलं तरी तो आधी विचार करतो."

"सांग, मला झटका यायच्या आधी तो मांडीवर पंजा ठेवून सावध करतो. आणि त्याच्या पाठीवर कामाच्या कुत्र्यांसारखं एक लाल जाकीट घाल. पिझ्झासारखं घरपोच मिळतं."

दोघी हसल्या. त्यानंतर ग्लेना दर आठवड्याला ताज्या भाज्यांच्या गप्पा करू लागली, आणि आपण एका बाईला घराबाहेर काढलं म्हणून बर्निसला बरंच वाटलं.

मार्चमधल्या एका शनिवारी बर्निस वाणसामानाच्या मोठ्या दुकानात पावाच्या फळीपाशी उभी होती. मागून फरशीवर नखं वाजली आणि गळ्यातली साखळी खुळखुळली. टॅन्सीने मान वळवली नाही, कामावर असताना ती कधीच वळवायची नाही. मग एक खोल गुरगुर ऐकू आली आणि टॅन्सीच्या पाठीवरच्या पट्ट्याची ताठ मूठ बर्निसच्या हातातून हिसकली गेली. ती गुडघ्यांवर आपटली. वाटाड्या कुत्र्यांना उलटं चावायचं नाही हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. टॅन्सी चावली नाही, नुसती किंचाळली. माणसासारखी किंचाळली. बर्निस फरशीवर हात फिरवत होती, हाताला कधी केस लागत होते, कधी ओलं लागत होतं, आणि कोणाचं काय ते कळत नव्हतं.

"ड्यूक! सोड! ड्यूक!"

तो आवाज ग्लेनाचा होता.

लोकांनी कुत्रे सोडवले. दुकानाचा व्यवस्थापक घाबरून बोलत सुटला होता. "मी विचारलं होतं हो! बाई म्हणाल्या, झटका यायच्या आधी तो मांडीवर पंजा ठेवतो. यापुढे मी काय विचारणार?"

शब्द न् शब्द बर्निसचाच होता.

टॅन्सीच्या कानाला आणि खांद्याला टाके पडले. जखम तीन आठवड्यांत भरली, पण कुत्री पहिली राहिली नाही. टपरीच्या फळीखाली ती बर्निसच्या पायांना चिकटून बसे. कोणाच्या किल्ल्या वाजल्या की दोन्ही पायांच्या मधे शिरे. औषधांच्या दुकानाच्या दारात ती एकदा अशी रुतून बसली की मागच्या माणसाने विचारलं, "बाई, हिची बॅटरी संपली का?" बर्निसने त्याला चांगलं सुनावलं खरं, पण औषध न घेताच ती घरी परतली. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. आता बर्निसला दुकानात नखांचा आवाज नसतानाही ऐकू यायचा.

मग ग्लेना आली. बरेच दिवस आली नव्हती.

"मी ड्यूकला पुन्हा कुठे नेलं नाही," ती म्हणाली. "मीही गेले नाही कुठे. बर्निस, मला तोंड दाखवायला जागा नाही."

"मला कुठे दिसतंय ते."

"चेष्टा नको गं. शिव्या दे मला."

बर्निसच्या जिभेवर शिव्या होत्याही. पण ग्लेनाला एक दिली की स्वतःला दोन द्याव्या लागणार होत्या. तिने कप भरला आणि पुढे सरकवला. "गरम आहे, सांभाळून," एवढंच म्हणाली.

टॅन्सीला जिथे शिकवलं होतं त्या शाळेतून फोन आला. गुरुवारी तिथला शिक्षक वेड लिंडक्विस्ट तपासणीला येणार होता. टॅन्सी पास झाली तर काम चालू, नाही तर निवृत्त. नवी कुत्री मिळायला वर्ष, कदाचित दीड. तोवर पांढरी काठी. सहाव्या रस्त्यावर, साठीला टेकलेल्या बाईने, आवाज न करणाऱ्या गाड्यांमधून काठी ठोकत जायचं. बुधवारभर तिला अन्न गेलं नाही.

"तुम्ही रोजच्यासारखं चाला बर्निस, मी मागे आहे असं समजूच नका," वेड म्हणाला. तिशीतला पोरगा, बोलणं मऊ.

"तू बुटांचा एवढा आवाज करतोस, कसं नको समजू?"

सहावा रस्ता टॅन्सीने नीट पार केला. वाणसामानाच्या त्याच दुकानाच्या सरकत्या दारापाशी ती थांबली. "पुढे, टॅन्सी," ती म्हणाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग टॅन्सी आत गेली. भाज्या, दूध, पाव. वेडने फळ्यांच्या टोकाला एका बाईला दुसरा कुत्रा घेऊन उभं केलं होतं. तिथे साखळी खुळखुळली. टॅन्सी त्याच्याजवळून सरळ पुढे गेली, आणि बर्निसला कुठेही धक्का लागू न देता एका गिऱ्हाइकाच्या ढकलगाडीला वळसा घालून तिने तिला गल्लीच्या मधोमध आणून उभं केलं.

"वा! मान वळवली नाही, शेपूट खाली नाही," वेडचा आवाज फुलला. "बर्निस, ही पास आहे. मी आजच लिहून टाकतो."

बर्निसला रडूच फुटणार होतं. तिने पट्ट्याची मूठ आवळली आणि तेव्हा तिला ते जाणवलं. फ्रीजवर हात ठेवला की आतली मोटर लागते, तशी बारीक थरथर मुठीतून येत होती. माझाच हात असेल, तिने स्वतःला बजावलं. मूठ सोडली, हात हवेत धरला. हात स्थिर होता. पुन्हा मूठ धरली आणि थरथर परत आली.

वेडला हे दिसणार नव्हतं. मूठ फक्त तिच्या हातात होती. ती गप्प राहिली असती तर जगात कोणाला कळलं नसतं.

"वेड, ती घाबरलीय."

"थोडी असेल. जाईल हळूहळू. काम तर चोख केलं ना?"

"केलं. आतून मरत होती आणि तरी केलं, मी सांगितलं म्हणून." बर्निस म्हणाली. "आणि उद्या रस्त्याच्या मधोमध मागून कोणाची साखळी वाजली तर? ती माझ्याकडे बघेल की साखळीकडे? आम्ही दोघी मरू रे."

"घाई करू नका. घरी जाऊन विचार करा. एकदा काम थांबवलं की मी तिला पुन्हा कामावर घेऊ शकणार नाही, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

ती गुडघ्यांवर बसली. बक्कल दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा सुटलं. पाठीवरचा पट्टा उतरताच टॅन्सीने नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि बर्निसच्या मानेत तोंड खुपसलं. थरथर थांबली होती. बर्निस तिला धरून बराच वेळ तशीच बसली. आजूबाजूने ढकलगाड्या वळसे घालून जात राहिल्या.

मग ती उठली. रिकामा पट्टा एका हातात होता, दुसऱ्या हातात काहीच नव्हतं. टॅन्सी कुठेतरी पायांशी होती, पण आता ती कुठे नेणार नव्हती. बर्निसने एक पाऊल टाकलं आणि थांबली.

"वेड," ती म्हणाली, "दार कुठल्या बाजूला आहे?"