फॅमिलीच्या दाराने

आमच्या कंपनीत न्यूयॉर्कचा एक म्हातारा इंजिनिअर होता. आपल्या शहरातल्या ज्यू लोकांच्या जुन्या खानावळीचा विषय निघाला की तो हळवा व्हायचा. तिथली मांसाची जाडजूड सँडविचं, आंबवलेल्या काकड्या आणि गिऱ्हाइकावर खेकसणारे वेटर. "खेकसले नाहीत तर परकं वाटतं," म्हणायचा. मला ते शंभर टक्के पटायचं. रियाधला अल मलाझ भागात माझीही तशीच एक खानावळ होती.

ती रत्नागिरीकडच्या एका म्हाताऱ्या चाचांची. तांदळाची भाकरी, माशाचं सालन, टेबलावर लिंबाच्या लोणच्याची बरणी. चाचा गल्ल्यावरून ओरडायचे, "पापलेट नाय आज, सुरमई हाय. खायची तर खा, नायतर जा त्या बर्गरवाल्याकडं!" मी चिपळूणचा. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कंपनीच्या कामगार कॅम्पच्या बसने धूळ खात नुसतं एवढं ऐकायलासुद्धा गेलो असतो.

पण तिथल्या रिवाजाप्रमाणे खानावळीला दारं दोन. एक आम्हा सडेफटिंग पुरुषांचं, दुसरं फॅमिलीचं. त्या दुसऱ्या दारामागे पडदे लावलेले कप्पे होते आणि तिथून कुणाच्या तरी पोरांचा दंगा ऐकू यायचा. मला त्या आवाजाचा राग यायचा. राग कसला, हेवा वाटायचा. गावाकडे असलेल्या बायको आणि मुलीला घेऊन एकदा त्या दाराने आत जायचं, एवढं एकच वेड मी डोक्यात घेतलं. कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर मी तिथे कामाला होतो त्या अरबाच्या, मागे लागून लागून अखेर त्या दोघींचा थोड्या दिवसांचा व्हिजिट व्हिसा हातात पडला.

त्या आल्यावर पहिल्याच शुक्रवारी आम्ही गेलो. बायको नव्या, पायघोळ काळ्या अबायात अडखळत होती, मुलगी माझं बोट सोडत नव्हती. फॅमिलीचं दार ढकलताना माझी छाती फुगली होती. चाचा स्वतः पडद्याबाहेर खाकरले, ताटं आत दिली आणि "पोरीला काटे काढून द्या" एवढंच हळू आवाजात म्हणाले.

बायको सुरमईतले काटे काढून मुलीला भरवत बसली. मी जेवलो, ताट उचललं आणि पडदा सारून निघालो.

"बाबा, कुठे चाललास?" मुलीने विचारलं.

मी थबकलो. कॅम्पच्या मेसमध्ये माणसं फार आणि खुर्च्या कमी. मान खाली घालून भराभर गिळायचं, ताट उचलायचं आणि मागे ताटकळणाऱ्याला जागा द्यायची. तेच अंगवळणी पडलं होतं. घरी आमचे वडील सगळ्यांची जेवणं होईस्तोवर पानावरून हलत नसत, आणि मी इथे रिकामं ताट घेऊन उभा! बायकोने तर अजून भाकरी मोडलीही नव्हती.

"तुम्ही रोज असंच जेवता?" तिने विचारलं.

"हो."

"फोनवर तर म्हणायचात, सगळे मिळून गप्पा मारत जेवतो."

खूप एकटा होतो मी तिथे, आणि ते तिला कधी कळू द्यायचं नव्हतं.

तिने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, खाली ठेवलं, स्वतःची अर्धी भाकरी त्यात वाढली.

"बसा," ती म्हणाली. "आम्ही काही पळून जात नाही."

मी बसलो. व्हिसाची मुदत तिलाही ठाऊक होती. मग एकेक घास जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवत आम्ही दोघं जेवत राहिलो.