लायडनला केक एकदाच विचारतात

मी एकटी परदेशात जाईन, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. झालं असं, की हे रिटायर झाल्यावर दोघांनी कुठे तरी लांब जायचं, असं आमचं वर्षानुवर्षं ठरत होतं, दोघांचे पासपोर्टही काढून ठेवले होते, पण दरवेळी आमची गाडी त्र्यंबकेश्वरच्या पुढे जात नव्हती. एकदा जेवताना मी वैतागून म्हटलं, "मी एकटीच जाते हॉलंडला!" मला वाटलं, म्हणतील, एकटी कशाला, मी येतो की. ह्यांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "जा की."

झालं! पुण्याच्या लेकीनं त्याच आठवड्यात तिकीट काढलं. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार. पण जीव थाऱ्यावर नव्हता. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायको एकटी सातासमुद्रापार निघाली तरी हा माणूस साधं 'थांब' म्हणत नाही? नाशिक रोड स्टेशनवर सोडायला आले, तेव्हाही बॅग डब्यात चढवली आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर." बस्स, एवढंच. मी नकोशी झाले की काय, हा किडा तेव्हा डोक्यात शिरला तो शिरलाच.

हॉलंडमधल्या लायडन गावात एकट्या राहणाऱ्या एका आजीबाईंच्या घरातली वरची खोली घेतली होती. गाव देखणं, त्यात वाद नाही. पण माझा पाय कुठे ठरेना. म्युझियममध्ये शिरले की बाहेर यावंसं वाटे, कालव्याकाठी बाकावर टेकले की उठावंसं वाटे. तरातरा चालत सुटले, तर मागून घंट्यांचा भडिमार. मी सायकलींच्या रस्त्यात घुसले होते. एका छत्रीतून चाललेले म्हातारा-म्हातारी दिसले आणि त्या बिचाऱ्यांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. घरून नेलेला चिवडा संपला होता. आजीबाईंनी सफरचंदाचा केक केला होता, घरभर दालचिनीचा वास. कॉफी देऊन त्यांनी विचारलं, केक घेणार का? मी म्हटलं, "नो, नो, थँक यू." अहो, पहिल्यांदा विचारल्यावर हो कोण म्हणतं? हावरटपणा दिसतो. समोरच्या बाईनं म्हणायचं, घ्या हो, थोडा तरी; आपण पुन्हा नको म्हणायचं; मग तिनं वाढायचंच. आजीबाई "ओके" म्हणाल्या आणि त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं.

मला रडूच फुटलं. आजीबाई घाबरल्या. मग मी मोडक्या-तोडक्या इंग्रजीत आमच्याकडची आग्रहाची पद्धत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण तुम्हाला हवाय हे तुम्ही बोललाच नाहीत, तर मला कसं कळणार?"

मी केक मागून घेतला. मोठा तुकडा घेतला. पण खाताना एकदम लक्षात आलं. 'एकटीच जाते' म्हणताना मी तरी कुठे 'चला' म्हटलं होतं? तिथूनच ह्यांना फोन लावला.

"अहो, खरं सांगा. तुम्हाला यायचं होतं का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "होतं की," हे म्हणाले. "पण तूच एकटीच जाते म्हणालीस, मग मी कशाला मध्ये कडमडू? एकदा तरी चला म्हणायचंस."

"आणि तुम्ही एकदा तरी थांब म्हणायचं!" मी ओरडलेच. आजीबाई दचकल्या. मला हसावं की रडावं कळेना. नाक पुसून म्हटलं, "बरं, पुढच्या वर्षी येता का माझ्याबरोबर?"

"नको गं," हे म्हणाले. "आता ह्या गुडघ्यांनी कुठे..."

एरवी मी 'राहिलं मग' म्हणून फणकाऱ्यानं फोन ठेवला असता. समोर टेबलावर तो केकचा डबा होता.

"अहो, चला हो," मी म्हटलं. "मला तुमच्याबरोबर यायचंय."

फोनमध्ये आमच्या लोखंडी कपाटाचं दार करकरलं.

"माझा पासपोर्ट कुठल्या खणात ठेवलायस गं?" हे विचारत होते.